जपानची शिस्त पुरे झाली, आता सुकटीचं काहीतरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत तुमच्या रविवारच्या पुरवणीत जपानवर बरंच काही छापून आलं. गाडीला एक मिनिट उशीर झाला की ते माफी मागतात, पोरं शाळेची फरशी स्वतः पुसतात, म्हातारी माणसं शंभरी गाठतात, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही वगैरे. खरंच असेल सगळं, मी खोटं म्हणत नाही, पण ते वाचून शेवटी होतं काय तर आमच्या वाडीतला कोणीतरी निवृत्त मास्तर तेच कात्रण व्हॉट्सअॅपवर ढकलतो आणि खाली लिहितो, ‘नाहीतर आपण!’ ह्या ‘नाहीतर आपण’चा मला आता खरोखर वीट आलाय. तिथली माणसं सकाळी उठून खातात काय, वाळवणं कशी घालतात, पावसाळ्याची बेगमी काय करतात, गावचा देव कसा नाचवतात, ह्यातलं एक अक्षर तुमच्या लेखांत नसतं, आणि कोकणातल्या माणसाला जपानकडून काय उचलण्यासारखं असेल तर ते नेमकं तिथेच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी मुलगी लग्न झाल्यापासून जपानात शिझुओका प्रांतात राहते, जावई तिथे कारखान्यात इंजिनीअर आहेत. तिच्या बाळंतपणासाठी मी उन्हाळ्यात जाऊन राहिले होते, व्हिसा होता तितके दिवस, म्हणजे एप्रिलच्या शेवटापासून जुलै संपेपर्यंत. त्यामुळे मी टोकियोचे टॉवर आणि क्योटोची देवळं काही फारशी बघितली नाहीत, मी बघितले ते मासळीचे गाळे, भाजीवाल्या आणि शेजारच्या आजीबाईंची गच्ची. खिडकीतून फुजी डोंगर दिसायचा, त्याचं कौतुक थोडे दिवस झालं, मग बाळाचे लंगोट वाळत घालताना तो दिसला काय न दिसला काय. पण समुद्र मात्र रोज बघावासा वाटायचा.

शिझुओकाला लागून सुरुगाचा उपसागर आहे. खोल इतका की काही ठिकाणी अडीच हजार मीटर पाणी आहे म्हणतात. त्या खोल पाण्यात दिवसा तळाकडे राहणारी आणि रात्री वर येणारी एक गुलाबी बारीक कोळंबी मिळते, आपल्या जवळ्यापेक्षा मोठी आणि करंदीच्या आसपास, तिला ते साकुरा एबी म्हणतात. अख्ख्या जपानात तिची धंद्याची मासेमारी फक्त ह्याच उपसागरात चालते, तीही वर्षात दोनच हंगाम, एक वसंतात साधारण मार्चअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि दुसरा ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. मधले महिने तिची अंडी घालायची वेळ म्हणून बंद, आपल्याकडे जून-जुलैत होड्या वर ओढतात तसंच. तर पकडून आणलेली ही कोळंबी फुजी नदीच्या कोरड्या पात्रात जाळ्या अंथरून उन्हात पसरतात. लांबच लांब गुलाबी सडा आणि मागे तो बर्फ माथ्यावर घेऊन बसलेला डोंगर. ते बघायला लांबलांबून माणसं मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात, तिकडच्या कॅलेंडरांवर सुद्धा हा फोटो असतो.

म्हणजे संपादक महाशय, नीट ऐका, लोक पैसे खर्चून सुकट वाळताना बघायला येतात. मी मुलीला म्हटलं, ‘गो बाय, ह्या बघूक लोका इलेत? आमच्याकडे तर नाकाक रुमाल लावतत.’ ती हसून म्हणाली, ‘आई, हळू बोल, शेजारणीला वाटेल भांडतेस.’

आता आमच्याकडची गोष्ट सांगते. आमचं मालवण तालुक्यात समुद्राला लागून घरगुती न्याहारी-निवास आहे, थोड्याच खोल्या आहेत, मे महिना आणि दिवाळीत भरलेल्या असतात. तर मे महिन्यात अंगणात सुकट, बांगडा, सोडे वाळत घालायचे म्हणजे पाहुण्यांची पंचाईत. एक बाई मला फार नम्रपणे विचारत होत्या की हा वास साधारण किती वाजता जातो. मी काय सांगणार, ऑगस्टात जातो? पर्यटनाच्या एका कार्यशाळेला गेले होते तिथे आलेले सर तर स्पष्टच म्हणाले की सुकी मासळी गेस्टच्या नजरेआड ठेवा, इंप्रेशन खराब होतं. तेव्हापासून आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांचं वाळवण मागीलदारी गेलं आणि मेन्यूवरनं तर ते आधीच गेलं होतं. पाहुण्यांना काय द्यायचं तर सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत तीच थाळी, तीच लाल करी, तीच सोलकढी, आणि त्या सोलकढीत सुद्धा कितीतरी ठिकाणी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, नसून भलताच गुलाबी रंग असतो ते जाऊदे. घरात मात्र आम्ही त्याच वेळेला उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर खात असतो, दार लोटून, जसं काही चोरीच करतोय.

तिकडे उलट आहे. नुमाझू नावाचं बंदर आहे मुलीच्या घरापासून जवळ, तिथला वाळवलेला आजी मासा सगळ्या जपानात नावाजलेला. आजी म्हणजे आपल्या बांगड्याच्या अंगलटीचा, साधा, रोजच्या खाण्यातला मासा. तो पाठीतून नाहीतर पोटातून फाडून पुस्तकासारखा उघडतात, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवतात आणि वाऱ्यावर काही तास वाळवतात, आपल्यासारखा खडखडीत करत नाहीत, अर्धवट ओलाच. सकाळी तो भाजायचा, बाजूला किसलेला मुळा, वाटीभर भात, मिसोचं सूप आणि लोणचं, झाली न्याहारी. आणि हीच न्याहारी तिथल्या चांगल्या महागड्या र्योकानमध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उतारघरात, पाहुण्याला मानाने वाढतात. तिकडच्या गेस्टला कोणी ब्रेड-ऑम्लेट विचारत बसत नाही (मिळतं, मागितलं तर). वासाचं म्हणाल तर इझूच्या बेटांवर कुसाया म्हणून एक वाळवलेला मासा करतात, वर्षानुवर्षं तेच मुरलेलं खारं पाणी वापरून, त्याचा वास असा की खुद्द जपानी माणसं चार पावलं मागे सरतात. आमचा खारा बांगडा त्याच्यापुढे अत्तर. तरी तो बेटाचं नाव लावून विकला जातो, आणि बोटीतनं उतरलेला माणूस तो हटकून चाखून बघतो, आणि नाही आवडला तर हसत सांगतो की नाही आवडला. कोणी लपवत नाही.

त्या गुलाबी कोळंबीबद्दल अजून एक, जे मला सगळ्यात भावलं आणि जे आमच्या ह्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्पच झाले. तिथल्या बोटी रात्री जोडीजोडीने जातात, कुठल्या बोटीला किती मिळालं ह्याला महत्त्वच नाही, आलेला पैसा सगळ्या बोटींत एकत्र करून सारखा वाटतात. किती मासळी काढायची हेही रोज मिळून ठरवतात, त्यामुळे एकमेकांच्या पुढे धावायची गरज नाही. २०१८ चा वसंतातला हंगाम फार वाईट गेला तेव्हा त्यांनी पाहणी करून शरदातली मासेमारी आपणहून बंद ठेवली, सरकारी बोटीने येऊन दंड करायची वेळ आली नाही. आमचे हे तरुणपणी रापणीला जायचे. रापण म्हणजे काय हे मुंबईकर वाचकांसाठी सांगते, होडीतून जाळं अर्धगोल टाकत जायचं आणि मग दोन्ही टोकं किनाऱ्यावर उभं राहून सगळ्या गावाने ओढायची, मिळेल त्याचे वाटे, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. म्हणजे वाटून खायची रीत आम्हाला कोणी टोकियोहून येऊन शिकवायला नको होती, ती आमच्याच किनाऱ्यावर होती आणि थोडी अजून आहे. पण समोर पर्ससीनची मोठाली यांत्रिक जाळी आणि रात्रीचे एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटी आल्यावर रापणीत येतंय काय, शेवाळ आणि प्लास्टिक. तुमच्या जपानच्या लेखात ही कोळंबीवाल्यांची गोष्ट आली असती तर ‘नाहीतर आपण’ लिहायला निदान काही कारण तरी मिळालं असतं.

बरं, मी म्हटलं वाळवणं. जून लागला आणि तिकडे पण पाऊस सुरू झाला, आपल्यासारखा धोधो नाही, रडवा, दिवसभर टिपटिप. त्या दिवसांत त्यांच्या बाजारात उमे नावाची आंबट फळं येतात, हिरवी-पिवळी, जर्दाळूच्या जातीतली. शेजारच्या आजीबाईंनी ती मिठात घालून वर वजन ठेवलं, काही दिवसांत त्यांना पाणी सुटलं, मग त्यात लाल शिसोची पानं चुरून टाकली, लालभडक रंग आला. आणि जुलैच्या शेवटी पाऊस उघडला तसं सगळं बांबूच्या सुपांवर गच्चीत, तीन दिवस कडक ऊन. झाली उमेबोशी. आता ज्यांनी आमसुलं केलीत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालं वेगळी, बियांच्या रसात मीठ घालून सालं त्यात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, पुटावर पुट. त्यांच्याकडे फळातनं सुटलेलं ते खारट आंबट पाणी फेकत नाहीत, बाटलीत भरून वर्षभर वापरतात, म्हणजे आगळच की! फरक एवढाच की आपल्याला पाऊस पडायच्या आत उरकायची घाई आणि त्यांना पाऊस जायची वाट. आजीबाईंना मी बरोबर नेलेली आमसुलं दिली, त्यांनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि अजून एक मागितलं. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण मीठ किती घालायचं ह्यावर आमचं व्यवस्थित भांडण झालं, त्यांचं म्हणणं माझं कमी आहे.

असंच तिरफळाचं, म्हणजे आमच्या माशाच्या कालवणात पडणाऱ्या त्या मसाल्याच्या फळाचं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर आमच्याकडे सासू वाडग्याकडे बघत सुद्धा नाही. जुलैच्या शेवटी तिकडे एक दिवस असतो, उन्हाळ्याच्या ऐन उकाड्यात, त्या दिवशी सगळे वाम माशासारखा उनागी भाजून खातात आणि त्यावर एक हिरवट पूड भुरभुरतात. मी एक घास घेतला आणि जीभ अशी झिणझिणली की मी म्हटलं हे तिरफळच. जावयांनी मोबाईलवर बघून सांगितलं की त्याला सान्शो म्हणतात आणि आपलं तिरफळ आणि ते सान्शो झँथॉक्सिलम ह्या एकाच कुळीतली आहेत. तेव्हा मला जो आनंद झाला तो बुलेट ट्रेनमध्ये बसल्यावर झाला नव्हता. त्यांच्याकडे त्याची छोटी देखणी बाटली मिळते, आतलं फळ कुठल्या भागातलं ते वर लिहिलेलं. आपलं तिरफळ आठवडा बाजारात वर्तमानपत्राच्या पुडीत मिळतं, आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्या निम्म्या मराठी बायकांनी ते बघितलेलं पण नसतं.

खाण्यावर गाडी घसरली की मी थांबत नाही असं घरचे म्हणतात, म्हणून भाषेचं थोडक्यात. नातवासाठी मुलीने भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता. आ, ई, ऊ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मला वाटलं हिनेच आपल्या बाराखडीवरनं बनवला. नाही, तो त्यांचाच, आणि तो क्रम आला बौद्ध भिक्षूंनी चीनमार्गे नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे संस्कृत वर्णमालेच्या वळणावर. आधी स्वर, मग कंठातनं सुरू होऊन ओठांपर्यंत. तिकडच्या स्मशानात लाकडी पट्ट्यांवर अजूनही सिद्धम् अक्षरं लिहिलेली दिसतात. वाक्यात क्रियापद पण आपल्यासारखंच शेवटी येतं, म्हणून मला दुकानात मोडकं तोडकं बोलायला जमलं. ज्यांना आपल्या पोरांना परदेशी भाषा शिकवायची आहे त्यांनी जर्मनच्या क्लासला रांग लावायच्या आधी ह्याचा विचार करायला हरकत नाही.

आता मुद्द्यावर येते, कारण पत्र त्यासाठी लिहायला घेतलंय. जपानात रेल्वे स्टेशनवर त्या त्या गावचा डबा मिळतो, एकिबेन म्हणतात. पहिला डबा १८८५ साली उत्सुनोमिया स्टेशनवर विकला गेला असं सांगतात, त्यात होतं काय तर उमेबोशी घातलेल्या भाताच्या दोन मुटकुळ्या आणि मुळ्याचं लोणचं, बांबूच्या सालीत गुंडाळलेलं. म्हणजे गरिबाची शिदोरीच. आज प्रत्येक भागाचा डबा वेगळा. तोयामाला बांबूच्या पानात दाबलेला ट्राउट माशाचा भात. उत्तरेला होक्काइदोत मोरी म्हणून स्टेशन आहे, तिथे माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, पोटात तांदूळ भरून गोडसर सॉसमध्ये शिजवतात, १९४१ साली युद्धाच्या दिवसांत तांदूळ मिळत नव्हता तेव्हा थोड्या तांदळात पोट भरावं म्हणून निघालेला हा पदार्थ, आणि आज त्यासाठी टोकियोत रांगा लागतात. तिथल्या शिंजुकूच्या एका मोठ्या दुकानात १९६६ पासून दर जानेवारीला ह्या स्टेशनांवरच्या डब्यांचं प्रदर्शन भरतं. आणि योकोकावा नावाचं घाटाखालचं स्टेशन आहे, घाट चढायला गाडीला जादा इंजिन लावायचं म्हणून गाडी तिथे बराच वेळ थांबायची. १९५८ साली तिथल्या डबेवाल्यांनी मातीच्या छोट्या मडक्यात गरम गरम भात विकायला सुरुवात केली. पुढे १९९७ मध्ये नवी बुलेट ट्रेन आली आणि घाटातला तो रेल्वेमार्गच बंद झाला, तरी मडक्यातला भात चालूच आहे. लोक रिकामं मडकं घरी नेऊन त्यात एकेकट्याचा भात शिजवतात, मुलीच्या घरी आहे, मी त्यात खीर केली.

मला सांगा, कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावतेय, रोह्यापासून मंगळुरूजवळ ठोकूरपर्यंत, आणि वाटेत खाणं किती प्रकारचं आहे. चिपळूणकडे वेगळं, संगमेश्वरकडे वेगळं, राजापूरला वेगळं, कुडाळ-सावंतवाडीला अजून वेगळं. भरलेला माकूल आम्हीही करतो. हळदीच्या पानातल्या पातोळ्या, फणसाच्या पानातली खोतेली, काजूची उसळ, घावणे आणि रस, कुळथाची पिठी भात आणि भाजलेला सुका बांगडा. केळीच्या किंवा हळदीच्या पानात बांधलेला, वर गावाचं नाव छापलेला, दोन-तीन तास टिकेल असा डबा प्रत्येक मोठ्या स्टेशनात मिळाला तर मुंबईहून येणारा माणूस कणकवलीला उतरायच्या आधी रत्नागिरी कशी लागते हे चाखून तरी बघेल. ह्याला कोटीचे प्रकल्प लागत नाहीत, स्टेशनवर एक छोटा गाळा, स्वच्छतेचं लायसन आणि बचतगटाच्या बायकांना वेळेवर पैसे, बस्स.

गावाचं नाव लावणं ही गोष्ट ते लोक फार गंभीरपणे घेतात. ओइता प्रांताचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु ह्यांनी १९७९ मध्ये ‘एक गाव एक वस्तू’ अशी चळवळच सुरू केली, प्रत्येक गावाने आपली एक तरी वस्तू अशी करायची की ती गावाच्या नावाने ओळखली जाईल, पुढे कितीतरी देशांनी ती उचलली. त्याच ओइतात सागानोसेकी बंदराचा साबा मासा आहे, साबा म्हणजे चक्क बांगड्याचा चुलतभाऊ. तो जाळ्याने नाही, गळाने एकेक करून पकडतात, हात लागून मांस तापू नये म्हणून वजनकाट्यावर पण टाकत नाहीत, पाण्यात पोहताना बघून नजरेने वजन ठरवतात, आणि मग तो ‘सेकी साबा’ म्हणून विकतात, साध्या साबाच्या कितीतरी पट भावाने. बांगडा! आणि आपण बांगड्याचं काय करतो, तर सुरमई परवडत नाही त्याला वाढतो.

कोणी म्हणेल आपल्याकडे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे की. आहे ना. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये मिळालं, वेंगुर्ला काजूला मिळालं, हापूसला २०१८ मध्ये मिळालं. जपानचा असा कायदा सुद्धा २०१५ पासूनच लागू झालाय, म्हणजे कागदावर आपण मागे नाही. पण त्यांच्या मियाझाकीचा एक आंबा आहे, ‘सूर्याचं अंडं’ म्हणून विकतात, किमान साडेतीनशे ग्रॅम वजन, साखर पंधरा अंशांच्या वर, झाडावर पूर्ण पिकून आपोआप खाली बांधलेल्या जाळीत पडला तरच घ्यायचा, आणि ह्यातलं काहीही कमी भरलं तर ते नाव लावायचं नाही. हापूसवाल्या बंधूंनो रागावू नका, चवीला आपल्या देवगडच्या पायाशी तो लागत नाही, मी खाल्लाय. पण ‘देवगड’ लिहिलेल्या पेटीत खरंच देवगडचा आंबा असेल ह्याची खात्री मुंबईत किती जणांना असते तेवढं सांगा.

मी जपानची आरती करायला बसलेले नाही. तिथेही सगळं सुरळीत नाही, आणि ते पण तुम्ही छापा. एकेका बिस्किटाला वेगळं प्लास्टिक, एका केळ्याला प्लास्टिक, मला तर बघवत नव्हतं. १९६२ साली माणशी वर्षाला ११८ किलो तांदूळ खाणारा देश आता त्याच्या निम्म्याहून कमी खातो, पोरांना सकाळी ब्रेड लागतो, आणि गेल्या दोन वर्षांत तर तांदळाचे भाव दुप्पट झाले म्हणून मुलगी रडकुंडीला आली होती. स्टेशनवरचे गळ्यात ट्रे अडकवून फिरणारे डबेवाले पण जवळजवळ गेलेच, गाड्यांच्या खिडक्याच उघडत नाहीत तर विकणार कोणाला. आणि गावं ओस पडलीत. त्यांच्या २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभर ९० लाख घरं रिकामी निघाली. मुलीबरोबर एकदा आतल्या डोंगराळ गावात गेलो होतो, चहाचे मळे, मध्ये सुंदर लाकडी घरं, पुढे आपल्या पडवीसारखी लांब ओसरी, आणि दाराला कुलपं. मला क्षणभर आमच्या तालुक्यातल्या आचऱ्याला आल्यासारखं वाटलं. तिकडची पण पोरं शहरात जातात आणि वर्षातनं एकदा ऑगस्टच्या मध्यावर ओबोनला घरी येतात, पितर घरी येतात त्या दिवसांत. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, पितरांना लवकर येता यावं म्हणून, आणि वांग्याची गाय करतात, परत जाताना सावकाश जावं म्हणून. गाड्यांना तोबा गर्दी, हायवे जाम, चार दिवस घरं गजबजलेली, रात्री मैदानात गोल करून नाच, आणि मग परत कुलूप. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांचं वर्णन वेगळं करायला नको. त्यांच्या जत्रेत देवाची पालखी खांद्यावर घेऊन पोरं जी काय हलवतात, उडवतात, ओरडतात, ते व्हिडिओ मी आमच्या शिमग्याच्या पालखी नाचवणाऱ्या पोरांना दाखवले तर म्हणाली, काकी, हे लोक आमच्याकडे शिकून गेले वाटतं.

फरक कुठे पडतो तर तो गावी राहिलेल्या माणसाच्या हातात काहीतरी विकण्यासारखं असण्यात पडतो. हायवेला त्यांची ‘मिची नो एकी’ म्हणून सरकारी मान्यतेची थांब्याची ठिकाणं आहेत, १९९३ पासून सुरू झालेली, आता बाराशेच्या वर आहेत. संडास स्वच्छ, पार्किंग फुकट, आणि आत आसपासच्या शेतकऱ्यांचा माल. मुळ्याच्या जुडीवर शेतकऱ्याचं नाव, कधी कधी फोटो. सत्तरीतली म्हातारी सकाळी येऊन चार जुड्या, दोन बाटल्या लोणचं, थोडं वाळवण ठेवून जाते, संध्याकाळी हिशोब घेते. आमच्या मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही बोलत नाही, त्यावर तुमच्याकडे रोज पत्रं येतच असतील, पण रस्ता कधी पूर्ण झालाच तर त्याच्या कडेला असं काही होणार आहे की फक्त पनीर टिक्का आणि चायनीजचे ढाबे, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा, नंतर गाळ्यांचे लिलाव झाल्यावर नाही.

तेव्हा विनंती अशी. जपानवर जरूर छापा, पण तिकडे जाणाऱ्या तुमच्या लेखकांना सांगा की बंदरावर पहाटे जा, म्हाताऱ्या बायकांशी बोला, वाळवणं बघा, आणि त्याच पानावर खाली आमच्याकडचं तेच वाळवण छापा, शेजारी शेजारी. रेल्वेच्या आणि पर्यटनाच्या साहेबांपर्यंत तुमचा पेपर जातो, आमचं पत्र जात नाही, म्हणून स्टेशनवरच्या डब्याचं तुम्हीच लावून धरा. आणि ते कार्यशाळेवाले सर हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, येत्या मे महिन्यात आमचं वाळवण पुढच्या अंगणात असेल, बुकिंगच्या फोनवरच मी पाहुण्यांना तसं सांगणार आहे, ज्यांना चालेल ते येतील.

डब्याचा विषय मी आमच्या बचतगटात काढून बघितला. निम्म्या बायका म्हणाल्या लगेच करूया, हळदीची पानं माझ्याकडे, काजू तिच्याकडे. निम्म्या म्हणाल्या उकड्या तांदळाचा भात मुंबईकरांना जाड लागतो, कोलमच घालावा लागेल. आमच्या जाऊबाई तर म्हणाल्या, सुक्या बांगड्याचा वास एसी डब्यात सुटला तर टीसी आपल्यालाच खाली उतरवील. ह्यावर अजून वाद चालू आहे, उकडा की कोलम, तुमच्या वाचकांचं मत आलं तर आम्हाला उपयोगी पडेल.

आपली,
एक नियमित वाचक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग